आईची डिग्री

आईची बी.ए.ची पदवी बोटीने समुद्र ओलांडून आली होती. त्या प्रवासात तिला काही झालं नाही. ती गेली ती पुण्यातल्या आंबिल ओढ्यात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याचं पाणी आमच्या तळमजल्यावरच्या घरात कमरेपर्यंत चढलं. दुसऱ्या दिवशी कपाटाचा खालचा कप्पा उघडला तर आईच्या फाइलमध्ये करड्या रंगाचा लगदा होता. तो आम्ही बाकीच्या चिखलाबरोबर फावड्याने बाहेर काढला. तेव्हा गादी, फ्रिज आणि गॅसच्या शेगडीची काळजी होती, डिग्रीची कुणाला पडली होती!

पाच वर्षं कुणाचं काही अडलं नाही. आई शाळेतून निवृत्त झालेली, पेन्शन सुरू. मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये, सत्तराव्या वाढदिवसानंतर आठवड्याभरात, ती म्हणाली, "मला इतिहासात एम.ए. करायचंय." मुक्त विद्यापीठाचा फॉर्म तिने आधीच पाहून ठेवला होता. बाकी सगळी कागदपत्रं होती, फक्त पदवी प्रमाणपत्राची स्कॅन प्रत नव्हती.

"डुप्लिकेट काढू, त्यात काय," मी म्हणाले. त्यात काय काय होतं ते पुढचे नऊ महिने कळत गेलं.

पहिली चूक माझी, आणि घाईची. आईचं कॉलेज पोर्ट ब्लेअरचं, हे लहानपणापासून ऐकलेलं. अप्पा, म्हणजे आईचे वडील, हवामान खात्यात होते. पुण्याहून त्यांची १९७१ साली पोर्ट ब्लेअरच्या वेधशाळेत बदली झाली आणि नुकतीच अकरावी मॅट्रिक झालेली आई त्यांच्याबरोबर गेली. तिथल्या सरकारी कॉलेजाचं नाव आता जवाहरलाल नेहरू राजकीय महाविद्यालय. तिकडचे लोक जे.एन.आर.एम. म्हणतात. ते पाँडिचेरी विद्यापीठाशी संलग्न आहे हे मी पाहिलं, फॉर्म भरला, नोटरीकडून प्रतिज्ञापत्र केलं, शुल्क भरलं आणि पाकीट रवाना केलं. आईला काही विचारलं नाही.

उत्तर अगदी सभ्य होतं. अर्जात पदवीचं वर्ष १९७५ लिहिलं आहे, आणि पाँडिचेरी विद्यापीठाची स्थापनाच १९८५ ची.

आईने ते पत्र दोनदा वाचलं आणि खो खो हसली. "अगं, मला विचारायचंस ना. माझी डिग्री चंडीगढची आहे."

मला वाटलं ती गोंधळतेय. पोर्ट ब्लेअर ते चंडीगढ हे सरळ रेषेत मोजलं तरी अडीच हजार किलोमीटरांच्या वर भरतं. पण खरंच तसं होतं. १९६७ साली अंदमानात कॉलेज निघालं ते चंडीगढच्या पंजाब विद्यापीठाची संलग्नता घेऊन. बेटांवर स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, तसं ते होण्याइतकी माणसंही नव्हती. १९६१ च्या जनगणनेत अंदमान-निकोबार मिळून साडेत्रेसष्ट हजार लोक. १९७१ पर्यंत वस्ती झपाट्याने वाढली, तरी आकडा एक लाख पंधरा हजारांवरच थांबला. कुणाचं तरी बोट धरणं भाग होतं. ते पंजाबचंच का, यावर आईचा एक तर्क आहे: चंडीगढ १९६६ मध्ये केंद्रशासित झालं, अंदमान आधीपासून केंद्रशासित, "दिल्लीच्या एकाच टेबलावर दोन फायली शेजारी शेजारी आल्या असतील." याला पुरावा शून्य. पण सरकारी नोकराच्या मुलीचा तर्क आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही.

दुसरी चूकही माझीच. चंडीगढ म्हटल्यावर मी मुळीच थांबले नाही, आणि नवा अर्ज पाठवला तो पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाला. एक काना-वेलांटीचा फरक, तिसरं शहर. पाकीट परत आलं. चंडीगढवालं विद्यापीठ इंग्रजीत आपलं नाव जुन्या पद्धतीने, यू ऐवजी ए घालून लिहितं, एवढं मी त्या दिवशी कायमचं शिकले. ते मुळात लाहोरचं, १८८२ सालचं. फाळणीत त्याची ताटातूट झाली, इकडच्या वाट्याने काही वर्षं सोलनला काढली आणि मग चंडीगढ गाठलं. आई म्हणाली, "मग बरोबर आहे. आमच्या वर्गात निम्मे निर्वासितच होते."

आता योग्य विद्यापीठ सापडलं होतं, पण फॉर्ममध्ये रोल नंबर, नोंदणी क्रमांक, परीक्षेचा महिना आणि वर्ष हवं होतं. पन्नास वर्षांपूर्वीचा रोल नंबर कुणाला आठवतो? आईला वर्गातल्या मुलींची नावं बाकांच्या क्रमाने आठवत होती. नंबर मात्र एकही नाही.

तो अप्पांनी दिला. अप्पा १९९८ साली गेले, पण त्यांच्या डायऱ्या आमच्या माळ्यावर होत्या आणि माळ्यापर्यंत ओढा पोचला नव्हता. हवामान खात्यातला माणूस घरच्या डायरीतही सुट्टी घेत नाही. रोजच्या पानावर वर डाव्या कोपऱ्यात पाऊस मिलिमीटरमध्ये, वाऱ्याची दिशा, आणि त्याखाली उरलेला संसार. आम्ही १९७५ ची डायरी काढली. पानं पिवळी, कडांना वाळवीने खाल्लेली नक्षी, शाई अजून निळी. एप्रिलच्या एका पानावर होतं: "पाऊस नाही. वारा ईशान्य, मंद. सुलूचा पहिला पेपर. रो. नं." आणि पुढे सुबक आकड्यांत तो नंबर. त्याखाली एक रेघ आणि "रॉकेल १० लि."

आईने त्या आकड्यावरून बोट फिरवलं आणि एकदम म्हणाली, "इतिहासाचा पेपर होता तो."

मग फॉर्म बाजूलाच राहिला आणि आम्ही डायरी वाचत बसलो. परीक्षेनंतरची पानं म्हणजे एक कादंबरी. मे अखेरीस "पाऊस ६२. मान्सून दाखल." अंदमानात तो केरळच्याही आठ-दहा दिवस आधी येतो आणि अप्पांना या गोष्टीचा वैयक्तिक अभिमान होता. जूनमध्ये "निकालाची तार नाही." जुलैमध्ये तीन वेळा "निकालाची तार नाही", एकदा त्याच्यापुढे "बोट लांबली." उत्तरपत्रिका बेटावरून मेनलँडला जायच्या, तिथून आगगाडीने उत्तरेला. मेनलँड हा आईचा शब्द. ती अजूनही पुण्यात बसून भारताला मेनलँड म्हणते. निकाल कळला ऑगस्टमध्ये. त्या दिवशीच्या पानावर पावसाचा आकडाच नाही. अप्पांच्या सगळ्या डायऱ्यांत मी अशी दोन पानं पाहिली. दुसरं माझ्या जन्माचं.

इथे आईच्या कॉलेजाबद्दल जरा सांगते, कारण मराठी माणसाला अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल दिसतं आणि तिथेच थांबतं. आईला आयुष्यभर एकच प्रश्न विचारला गेलाय: "म्हणजे तुम्ही सावरकरांची कोठडी रोज बघायचात?" ती सांगते की तुरुंगाच्या आवारात तेव्हा सरकारी दवाखाना होता आणि ती तिथे टायफॉइडची लस घ्यायला जायची. लोकांचा विरस होतो.

१९६७ पूर्वी बेटावरच्या मुलाला शाळेनंतर शिकायचं असेल तर कलकत्त्याची किंवा मद्रासची बोट धरावी लागे. म्हणजे तीन रात्री समुद्रात, तिकडे राहायची सोय, आणि वर्षातून एकदा घर. मुलींचा प्रश्नच मिटला. १९६७ हे बेटांच्या दृष्टीने वेगळंच वर्ष. तोपर्यंत अंदमानचा खासदार राष्ट्रपती नेमायचे. त्या वर्षी तिथल्या लोकांनी पहिल्यांदा मत देऊन खासदार निवडला, के. आर. गणेश. मत आणि कॉलेज एकाच साली मिळालं. आईला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मी वाचून सांगितलं तेव्हा ती जराशी हिरमुसली, "आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?"

आई चार वर्षांनी पोचली. पहिलं वर्ष प्री-युनिव्हर्सिटीचं, मग बी.ए.चे तीन भाग. पहिल्याच हिवाळ्यात युद्ध लागलं आणि खिडक्यांना काळे कागद चिकटवून अभ्यास. तसाही तिथे दिवस लवकर मावळतो: घड्याळ आपलं आणि सूर्य ब्रह्मदेशाचा, त्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी पाचलाच अंधार. बांबूफ्लॅटहून फेरीने येणाऱ्या मुली शेवटच्या तासाला घड्याळाकडे बघत बसायच्या. प्राध्यापकांनाही ते माहीत असायचं. वर्गात बंगाली निर्वासितांची मुलं, तमिळ, मल्याळी, तेलुगू, रांचीकडून जंगलतोडीला आलेल्या मजुरांची मुलं, कार निकोबारहून एक रात्र बोटीत काढून आलेले आणि वसतिगृहात राहणारे निकोबारी, आणि 'लोकल बॉर्न', म्हणजे जन्मठेपेच्या कैद्यांची नातवंडं-पतवंडं. या शेवटच्यांची जात काय हे त्यांनाच नक्की सांगता येत नसे, कारण आजोबा एका मुलखातले, आजी दुसऱ्या, धर्मही कधी कधी वेगळे. सगळ्यांची आपसातली भाषा हिंदुस्तानी. आईची हिंदी अजून तिथली आहे. दिल्लीचा माणूस ऐकून बुचकळ्यात पडतो. आणि हा असा वर्ग चंडीगढहून आलेल्या प्रश्नपत्रिका सोडवायचा. रणजितसिंहाच्या लढाया आईला आजही तोंडपाठ आहेत.

आता पुन्हा फॉर्मकडे. अर्जावर कॉलेजच्या प्राचार्यांची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागणार होती. राजपत्रित अधिकारी आमच्या सोसायटीतच राहतात, दुसऱ्या मजल्यावर, रविवारी चहाला येतात. पाच मिनिटांचं काम होतं. आई म्हणाली, "मला कॉलेजची सही हवी."

मी चिडले. सही तीच, शिक्का तोच. विमानाचा खर्च, तिचे गुडघे, माझी रजा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पेन्शनच्या खात्यातून दोन तिकिटं काढायला सांगितली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही उतरलो तेव्हा पोर्ट ब्लेअर हे पोर्ट ब्लेअर राहिलं नव्हतं. सप्टेंबर २०२४ मध्येच केंद्र सरकारने शहराचं नाव श्रीविजयपुरम केलं होतं. रिक्षावाल्याने मात्र सरळ "ब्लेअर में कहाँ?" असंच विचारलं. आई वाटेत ओळखीच्या खुणा शोधत होती. चॅथमचा पूल सापडला, त्यापलीकडची १८८३ सालची सरकारी लाकूड-गिरणी सापडली, वेधशाळेकडे वळणारा रस्ता सापडला नाही. समोरच्या डोंगराला ती माउंट हॅरिएट म्हणाली आणि रिक्षावाल्याने दुरुस्ती केली, "अब माउंट मणिपूर." आई गप्प बसली. थोड्या वेळाने मला हळूच म्हणाली, "कॉलेज तरी त्याच जागी सापडू दे."

कार्यालयात एक तरुण कारकून होते. आमचं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, आप का बैच?" आई म्हणाली, "बहात्तर में फर्स्ट इयर." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तब तो मेरे पिताजी भी पैदा नहीं हुए थे." मग आत जाऊन ते बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात जाड, कापडी पुठ्ठ्याचं, मोठ्या आकाराचं प्रवेशपुस्तक होतं. दमट हवेने त्याची पानं लाटांसारखी वाकडी झाली होती. मिटलं तरी ते पूर्ण मिटत नव्हतं.

त्यांनी आईचं नाव शोधायला सुरुवात केली आणि ते सापडेना. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. माझ्या पोटात गोळा आला. शेवटी आईनेच पुस्तक आपल्याकडे फिरवून घेतलं. तिला नाव नाही, शेजार आठवत होता. "माझ्या पुढे रांचीवाल्यांची मुलगी होती आणि मागे निकोबारी मुलगा." बोट सरकत सरकत थांबलं. तिथे आई होती, पण तिच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक एच गळालेला होता. सुलभाची झाली होती सुलबा. १९७१ साली कुणा कारकुनाच्या टाकातून गळालेलं ते अक्षर तिथून परीक्षेच्या फॉर्मवर, फॉर्मवरून चंडीगढला आणि चंडीगढहून पदवीवर गेलं असणार. मूळ पदवीवर तसंच होतं का? आईला आठवेना. "चाळीस वर्षं फाइलमध्ये होती गं, कोण बघतंय!"

मी मात्र अर्जावर एचसकट, बरोब्बर स्पेलिंग घातलं होतं. तो तसाच गेला असता तर विद्यापीठाच्या नोंदीत अशी कुणी मुलगीच सापडली नसती. रविवारच्या चहाबरोबर मिळालेली सही घेऊन माझा अर्ज तिसऱ्यांदा परत आला असता. आईने या मुद्द्यावर एक शब्द उच्चारला नाही. उच्चारला असता तर बरं झालं असतं.

कारकून पुढची प्रक्रिया समजावत होते: रजिस्टरमध्ये आहे तसंच नाव लिहा, दोन्ही स्पेलिंगं आणि लग्नानंतरचं नाव एकाच व्यक्तीची आहेत असं वेगळं प्रतिज्ञापत्र जोडा, आम्ही रजिस्टरवरून दाखला देतो. मी लिहून घेत होते. आई ते पान वाचत होती. त्यात वडिलांचा व्यवसाय असा एक रकाना होता. तो आडवा न वाचता वरून खाली वाचला की कळतं कॉलेज कुणासाठी निघालं होतं. शेती, शेती, वनखातं, बोटीवर खलाशी, नारळबाग, शेती, पोलिस, गिरणी, दुकान, आणि मध्येच अप्पांचं हवामान खातं. जन्मस्थळाचा रकाना त्याहून भारी: बारिसाल, खुलना, रांची, मलबार, कार निकोबार, आणि एका ओळीत नुसतंच 'अ‍ॅबर्डीन'. ते स्कॉटलंडचं नाही, पोर्ट ब्लेअरच्या बाजाराचं. आईच्या ओळीत 'पूना'.

प्राचार्यांची सही दुपारी मिळाली. तोवर आम्ही आवारात बसलो. आई ज्या उत्तर अंदमानच्या मुलींबद्दल सांगायची, ज्यांना सुट्टीत घरी जायला बोटीचं वेळापत्रक बघावं लागे, त्यांच्यासाठी १९९० मध्ये मायाबंदरला दुसरं सरकारी कॉलेज निघालं. हेही आम्हाला त्या दुपारीच कळलं, पायरीवर शेजारी बसलेल्या एका विद्यार्थिनीकडून. तिची मावशी तिथली. ती मुलगी कॅम्पबेल बेची निघाली, पार दक्षिणेकडच्या ग्रेट निकोबारची, आणि आम्ही मराठीत बोलतोय हे ऐकून तिने चाचरत विचारलं, "तुम्ही साताऱ्याचे का?" १९६९ पासून सरकारने तिथे माजी सैनिकांना जमिनी देऊन वसवलं, त्यांत पंजाबी होते तसे मराठीही होते. हिचे पणजोबा त्यातले. हिने सातारा पाहिलेला नाही. आईने तिला पिशवीतला लाडू दिला आणि विचारलं, डिग्री आता कुठून येते? "पाँडिचेरी से, आंटी." आई म्हणाली, "जवळ आली की." हिशेब केला तर खरंच, चौदाशे किलोमीटर, म्हणजे जवळजवळ निम्मं अंतर.

परत आल्यावर बाकी कामं भराभर उरकली. पोलिसांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये 'कोठे हरवले' या रकान्यात काय लिहावं यावर घरात तासभर वाद झाला. वाहून गेलं म्हणजे हरवलं का? शेवटी 'राहत्या घरी, पुरात' असं लिहिलं आणि दाखला निघाला. दोन प्रतिज्ञापत्रं, कॉलेजचा दाखला, अप्पांच्या डायरीतला रोल नंबर, शुल्काची पावती. या वेळी पाकिटावरचा पत्ता आईने स्वतः लिहिला, आणि पाकीट चिकटवण्याआधी तीनदा वाचला.

मे महिन्यात स्पीड पोस्टाने जाड पाकीट आलं. आईने ते कात्रीने, अगदी कडेने कापलं. नवा कोरा कागद, वर डुप्लिकेट असा शिक्का, खाली नाव. एच नव्हताच. आईने चष्मा लावून नाव दोनदा बघितलं, "माझीच आहे," म्हणाली आणि माळ्याजवळच्या, उंचावरच्या कपाटात ती ठेवायला मला स्टुलावर चढवलं.

त्याच आठवड्यात आम्ही मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायला बसलो. राज्य किंवा केंद्रशासित प्रदेश: अंदमान-निकोबार. त्यावर टिचकी मारली की विद्यापीठांची यादी आपोआप खाली उघडते. यादीत एकच नाव होतं, पाँडिचेरी. चंडीगढ निवडलं की अंदमानचं कॉलेज गायब, अंदमान निवडलं की चंडीगढ गायब. मी चार-पाच वेळा उलटसुलट करून पाहिलं. आई मागे उभी राहून बघत होती.

"त्या खालच्या 'इतर'वर दाब," ती म्हणाली.

दाबलं. एक रिकामी चौकट आली आणि आईने सांगायला सुरुवात केली: जवाहरलाल नेहरू राजकीय महाविद्यालय, श्रीविजयपुरम, पूर्वीचं गव्हर्न्मेंट कॉलेज, पोर्ट ब्लेअर, तेव्हाची संलग्नता पंजाब विद्यापीठ, चंडीगढ. 'पूर्वीचं गव्हर्न्मेंट कॉ' इथपर्यंत आल्यावर चौकट भरली आणि पुढचं अक्षर उमटेना. मी मागे वळून पाहिलं. आई विचार करत होती.

"नवीन काढून टाक," ती म्हणाली. "जुनं लिही. तेवढं मावेल."